कोपरावरचं बोट

मिरजेच्या 'उभारी' या अपंग मुलांच्या केंद्रात नव्या आया आल्या की चहाच्याही आधी त्यांना त्रिशला मगदूमची फिल्म दाखवत. आठ वर्षांची त्रिशला पलंगाच्या कडेला बसलेली असे, शेजारी शाळेचा शर्ट. आधी तिचा जास्त आखडलेला उजवा हात बाहीत जाई, मग डावा. बटणं लागत. मग ती उठे, चपला घाली आणि दारातून बाहेर पडे. संपली फिल्म. ज्यांच्या घरी असं मूल नाही त्यांना यात बघण्यासारखं काय आहे ते कळायचंही नाही. पण त्या खोलीतल्या बायका डोळे पुसत, आणि एखादी तरी 'परत लावा की' म्हणे.

मग पद्मजा उठून दोन शब्द बोले. पद्मजा मगदूम ही त्या केंद्राची आदर्श आई. हे पद तिला कुणी दिलं नव्हतं, तसंच ते तिनं नाकारलंही नव्हतं. तिच्या घरी प्रत्येक वस्तूला जागा होती आणि प्रत्येक कामाला वेळ. तिचा नवरा शीतल (सांगली-कोल्हापूरकडच्या जैनांत शीतल पुरुषाचं नाव असतं, हे पुण्याच्या डॉक्टरांना दरवेळी समजावून सांगावं लागे) म्हणायचा, "आमच्या हिच्या हाताखाली घड्याळसुद्धा घाबरून चालतंय." पद्मजाला हे कौतुक वाटे. आणि तेव्हा ते होतंही.

फिल्ममधल्या त्रिशलाच्या अंगात शर्टाखाली असे तो अंगरखा ही तशी साधी गोष्ट. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे हातपाय मुळात बिघडलेले नसतात; बिघाड असतो मेंदूत. 'हात उचल' हा निरोप निघतो, पण वाटेत त्याची अशी काही गल्लत होते की वाकवणारे आणि सरळ करणारे असे दोन्ही स्नायू एकदम कामाला लागतात. रस्सीखेच सुरू होते आणि हात जागच्या जागी आखडतो. मूल जितका जोर लावेल तितका जास्त आखडतो. अंगरखा म्हणजे मऊ कापडाचा, अंगाला चिकटून बसणारा पोशाख. त्याच्या धाग्यांतच बारीक कृत्रिम स्नायू विणलेले. डोक्याला एक पट्टी. कुठलीही हालचाल करण्याच्या क्षणभर आधी मेंदूत एक छोटीशी लाट उठते. पट्टी ती लाट पकडते, अंगरखा ती वाचतो आणि ठरलेली हालचाल पूर्ण करून देतो. पोरानं मनात आणायचं, अंगरख्यानं करायचं.

अडचण एवढीच की प्रत्येक मुलाची लाट वेगळी. त्यामुळे आधी काही महिने शिकवणी असे. मूल धडपडे आणि अंगरखा नुसता बघत राही: कुठल्या लाटेनंतर कुठली हालचाल होते. तो शिके, आणि मेंदूही त्याला शिके. पट्टी मेंदूला हलके झटके देऊन सापडलेली वाट आणखी रुळवत जाई. कोवळ्या वयात मेंदू ही वाट धरतो. एकदा ती पक्की केली की केली. पुढे ती मोडायची म्हटली तर तिच्याबरोबर त्या मुलाची स्वतःची जी काही थोडीफार हालचाल असेल, तीही जाते.

म्हणून केंद्राच्या वहिदा मुजावर आयांना एकच गोष्ट बजावून सांगत. वहिदा म्हणजे या मुलांना जेवण, आंघोळ, कपडे हे सगळं शिकवणाऱ्या थेरपिस्ट. आवाज मोठा, मन त्याहून मोठं. "शिकवणीत मदत करायची न्हाई. हात मागं घ्या आणि बसा. पोर रडेल, ताट उलटं करेल, तुमचा जीव वरखाली होईल. होऊ दे. पोरीला स्वतःला हवं वाटलं पाहिजे, आणि तिनं स्वतः जोर लावला पाहिजे. त्या जोराची लाट मशीनला पाहिजे. तुमची नको."

पद्मजानं हात मागे घेतले. सकाळच्या कपड्यांना घेतले, दात घासताना घेतले. ती असल्या बाबतीत कच्ची नव्हती. अडलं ते संध्याकाळच्या जेवणाशी.

त्रिशला सातव्या महिन्यात जन्मली होती. ती काचेच्या पेटीत होती तेव्हा पद्मजानं बाहेर उभं राहून नियम घेतला होता: ही जगली तर माझ्या आणि हिच्या तोंडात सूर्यास्तानंतर अन्नाचा कण जाणार नाही. धर्मात असले सौदे चालत नाहीत हे तिला माहीत होतं, पण पेटीतल्या पोरीकडे बघताना धर्म तपासत कोण बसतं? पुढे एका मुनिमहाराजांनी तिला सांगितलंही, "बाई, लेकराला नियम लागत नाही. तुझा तू पाळ." पद्मजानं नमस्कार केला आणि घरी येऊन दोघींचाही पाळला. पोर जगली होती ना? मग आता मागे कसं फिरायचं?

शिकवणी आली ती नेमकी थंडीत. दिवस लहान. त्रिशला शाळेतून येई, जरा टेकेपर्यंत ऊन भिंतीवरून उतरायला लागे. ताटात वरण-भात, जाड दांड्याचा चमचा. पोर चमच्याकडे बघे, दात आवळी, मान ताणे आणि हात कोपरातून दुमडून छातीशी घट्ट बसे. पुन्हा. पुन्हा. समोर पद्मजा हात मागे घेऊन. खिडकीत सूर्य. दोन घास पोटात गेलेले असत आणि सूर्य काही कुणासाठी थांबत नाही. पोरगी उपाशी झोपणार, हे आईला बघवत नसे. मग ती एक बोट पुढे करी आणि त्रिशलाच्या कोपराला टेकवी. ओढत नसे, ढकलत नसे. नुसतं टेकवी. लहानपणापासून भरवताना, कपडे घालताना ती असंच बोट टेकवायची. त्याचा अर्थ दोघींत ठरलेला होता: 'सोड आता, मी बघते.' त्रिशला सुस्कारा सोडे, अंग सैल टाके, आणि सैल पडलेला हात सहज पुढे येई. घास तोंडात जाई. रोज, त्याच वेळी, त्याच कोपराला.

मग एके दिवशी बोट लागायच्या आधीच हात चमच्याकडे गेला. पद्मजा ओरडलीच. शीतल धावत आला. तिघंही रडली, आणि त्या दिवशी ताट संपलं तेव्हा खिडकीत चांगलं लख्ख ऊन होतं. तिथून सगळं भराभर होत गेलं. केंद्रात परीक्षा झाली: हा पेला उचल, ही चेंडूची टोपली तिकडे ठेव, पाच पावलं चाल. सगळं केलं पोरीनं. वाट पक्की झाली. फिल्म निघाली.

पुढचं वर्ष मगदूमांच्या घरात सणासारखं गेलं. त्रिशला स्वतः आंघोळ करी, स्वतः जेवी, स्वतः संडासला जाऊन येई. या शेवटच्या गोष्टीचं मोल ज्याला कळायचं त्यालाच कळेल. पद्मजाची कंबर बरी झाली. आणि पोरगी काय गुणी! पूर्वी आइस्क्रीमवाल्याची घंटा ऐकली की घर डोक्यावर घेणारी, आता मागणं नाही, हट्ट नाही. शाळेतल्या बाई म्हणाल्या, इतकं ऐकणारं मूल आम्ही पाहिलं नाही. पद्मजाला वाटलं, अंगाला शांतता मिळाली तशी मनालाही मिळाली. तिला अभिमान वाटला. पुढे याच अभिमानाची तिला सगळ्यांत जास्त लाज वाटणार होती.

जयसिंगपूरला तिच्या धाकट्या बहिणीच्या, श्रेयसीच्या मुलाचं बारसं होतं. पाळण्याला झेंडूच्या माळा, घुगऱ्यांचा वास, बायकांची दाटी. त्रिशलानं बाळ पाहिलं आणि तिचा चेहरा असा काही उजळला की पद्मजा बघतच राहिली. कितीतरी दिवसांत तिनं हा चेहरा पाहिला नव्हता.

"मावशी, मी झोका देऊ?" त्रिशलाचे शब्द जड, एकमेकांना चिकटलेले येत, पण घरच्यांना समजत.

"दे की गं! ये, ही दोरी धर," श्रेयसी म्हणाली. बायकांनी वाट करून दिली. फिल्मवाली मुलगी आता झोका देणार म्हणून दोघीतिघींनी फोन वर धरले.

त्रिशला दोरीपर्यंत गेली आणि थांबली. हात उचलेना. कोपर बरगड्यांना चिकटलं, मुठी वळल्या, गुडघे आत ओढले गेले, मानेच्या शिरा वर आल्या. वर्षापूर्वीची त्रिशला जशीच्या तशी समोर उभी. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. पद्मजा पुढे झाली आणि तिला लाज वाटू नये म्हणून हळूच म्हणाली, "राहू दे राणी. नंतर देऊ आपण. आता नको."

त्रिशलानं आईकडे पाहिलं. डोळ्यांत पाणी आलं आणि मग चेहऱ्यावरचं सगळं विझलं. अंग सैल पडलं. आणि हात अलगद उठला, दोरी धरली, पाळणा हलला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत पोरीच्या तोंडाकडे बघणारी पद्मजा एकटीच होती.

परतताना गाडीत शीतल खुशीत होता. पद्मजा मागे लेकीजवळ बसली.

"मघाशी काय झालं गं हाताला?"

"काही नाही. मला बाळाला झोका द्यायचा होता, म्हणून अडला," त्रिशला म्हणाली. जणू आईला एवढंही माहीत नाही.

"म्हणजे?"

"हवं असलं की अडतो. नको म्हटलं की जातो. मग मी मनात नको म्हणते. पहिल्यांदा जमत नव्हतं. आता पटकन जमतं."

शीतलनं आरशातून मागे पाहिलं. गाडीचा वेग कमी झाला.

"आणि कोपराला कुणी हात लावला तरी जातो," त्रिशला पुढे सांगू लागली. "शाळेत मुली लावतात. मग मी डबा देते. रंग देते. बाई पण लावतात. बाईंना आवडतं."

पद्मजानं तिला जवळ ओढायला हात पुढे केला, आणि तो तिच्या कोपराजवळ पोचताच तिनं तो भाजल्यासारखा मागे घेतला.

अंगरखा काही विसरत नाही. शिकवणीचे सगळे महिने त्याच्या स्मृतीत साठवलेले असतात. वहिदांनी केंद्रात ते पडद्यावर काढले. वर त्रिशलाच्या मेंदूतली लाट, खाली कापडावर पडलेला दाब. संध्याकाळमागून संध्याकाळ तेच चित्र: आधी लाट उसळलेली, हात जागेवर. मग कोपरावर एक छोटा ठिपका. मग लाट खाली बसलेली, आणि हात पुढे.

वहिदांनी पडद्यावरच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "हा ठिपका कुणाचा, पद्मजाताई?"

"माझा. ओढलं नाही हो मी. नुसतं बोट."

"कुणी सांगितलं हुतं बोट लावायला?" वहिदांचा मोठा आवाज फुटला आणि लगेच खाली आला. "तशा सगळ्याच आया लावतात. कधी लावतात, कधी न्हाई. कधी ओढतात, कधी रागावतात. त्याला मशीन भुलत न्हाई. जे रोज तस्संच होतं, तेच ते खरं मानतं. तुम्ही एक दिवस चुकला न्हाईत, ताई. मशीन काय शिकलं, तर ही पोर जोर लावते तेव्हा हात हलत न्हाई आणि हार मानते तेव्हा हलतो. त्यानं हार मानण्याची लाट धरली. तिच्या इच्छेची लाट त्याला वाटली नुसती गडबड, ती ते दाबून टाकतंय."

"पण परीक्षेत सगळं केलं तिनं!"

"परीक्षेत पेला उचलायला सांगतात. तो कुणाला हवा असतोय?" वहिदा म्हणाल्या. "माझीच चूक. मी तिला आवडणारं काहीतरी समोर ठेवायला हवं होतं."

चूक वाटून घेतल्यानं ती कमी झाली नाही. वहिदांनी पुढचं सरळ सांगितलं, आडपडदा ठेवला नाही. वाट मोडता येईल. मग अंगरखा नुसतं कापड उरेल, आणि डाव्या हाताची पूर्वीची जी थोडी पकड होती तीही जाईल, कारण आता तो हातही त्याच वाटेनं चालतो. या वयात दुसरी वाट बसणार नाही. नाहीतर आहे तसं ठेवायचं. ती जेवेल, चालेल, स्वतःचं सगळं करेल. मोठी होईल तसं आणखी सफाईनं करेल.

"आणि तिची इच्छा?" पद्मजानं विचारलं.

"इच्छा केली की अंग आवळतं आणि सोडली की मोकळं होतं, हे शरीराला रोज शिकवत राहिलं तर..." वहिदांनी पडदा बंद केला. "ती हट्ट करायची थांबलीय म्हणालात ना तुम्ही?"

घरी आल्यावर पद्मजानं निर्णय सांगितला. "काढून टाकू या. मी उचलीन तिला. भरवीन. आधी करतच होते की."

शीतल कधी आवाज चढवत नसे. तो खुर्चीत पुढे झुकून बसला. "किती वर्षं?"

"जमेल तितकी."

"आणि मग? तू नाहीस, मी नाही. मग कोण तिला संडासला नेईल? कुणाच्या हाताखाली राहील ती? तो माणूस कसा असेल? खुळी हायेस का पद्मा, हाताला आलेलं परत सोडायला?"

"कोपराला कुणीही हात लावला तर ती वाटेल ते करेल, शीतल. वाटेल ते. कळतंय का तुला?"

त्याला कळत होतं. गाडीत कळलं तेव्हापासून तो तेवढंच मनातून ढकलत होता. "आणि अंगरखा नसला तर तिला नको म्हणताना हात तरी उचलता येणार आहे का?" तो म्हणाला आणि तोंडावर हात घेऊन बसला.

दोन्हींकडे तीच भीती होती. पद्मजानं आजवर प्रत्येक अडचणीला काहीतरी वेळापत्रक शोधलं होतं. इथे तिला धरायला काही सापडेना. तिला आपल्या बोटाची घृणा वाटली, आपल्या काटेकोरपणाची वाटली. पोरगी एक दिवस उपाशी झोपली असती तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना.

शेवटी त्यांनी त्रिशलालाच विचारायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पलंगावर बसून चादरीची घडी घालत होती. कोपऱ्याला कोपरा जुळवून, अगदी आईसारखी. पद्मजानं तिला सगळं सांगितलं, लपवलं काही नाही. बोटाचंही सांगितलं. "ही माझी चूक आहे, बाळा. तू आता सांग. अंगरखा काढायचा की ठेवायचा? तुला काय हवंय?"

त्रिशलाच्या हातातली चादर थांबली. तिचे खांदे वर चढले, जबडा घट्ट झाला. तिला काहीतरी हवं होतं. एवढं मात्र पद्मजाला दिसलं. ते काय होतं हे तिला कधीच कळलं नाही. कारण त्रिशलानं डोळे मिटले, श्वास सोडला, खांदे खाली आले आणि घडी पुढे सुरू झाली.

"राहू दे," ती म्हणाली. "तुझी कंबर दुखते. मला काही नको."

शीतल उठून बाहेर गेला. पद्मजा स्वतःला आवरून धरणारी बाई. पण ती पलंगाशी खाली बसली आणि लेकीसमोर मोठ्यानं रडली.

त्रिशला घाबरली. आईला असं रडताना तिनं पाहिलं नव्हतं. ती आईकडे झुकली आणि तिचे हात आखडले. कोपरं अंगाला चिकटली, मुठी वळून हनुवटीखाली आल्या, मान एका बाजूला ओढली गेली, सगळं शरीर थरथरू लागलं. पद्मजानं वर पाहिलं. पूर्वी असं झालं की ती औषधाकडे धावायची, मालिशचं तेल शोधायची. आज तिला प्रथमच ते वाचता आलं. पोरीला आईला मिठी मारायची होती. एवढं हवं होतं तिला, एवढं, की बोटसुद्धा हलत नव्हतं. पद्मजा गुडघ्यांवर उठली, त्या आखडलेल्या, वाकड्या देहाला तसंच कवटाळावं म्हणून तिनं हात पसरले.

पण त्रिशलाला आता पटकन जमत होतं. तिचा चेहरा शांत झाला. थरथर थांबली. दोन्ही हात सुरेख उठले, आईच्या गळ्याभोवती आले आणि बेताच्या जोरानं एकमेकांत गुंतले. फिल्ममध्ये घ्यावी अशी मिठी.

"नको गं," पद्मजा तिच्या खांद्यावर म्हणाली. "अशी नको, बाळा. अशी नको."

त्रिशलानं लगेच हात सोडवले, मांडीवर नीट ठेवले आणि आई आता काय सांगते याची वाट बघत बसली.